सतरा नंबरचं रक्त

खिल्लारे माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, हाताकडे बघत. बसस्टँडवर कुणी नमस्कार घातला की त्यांची नजर थेट त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला जायची. नाव विचारलं तर अडखळायचे, पण ह्याची शीर डाव्या हाताला घावती, उजव्या हाताला पळती, हे बिनचूक सांगायचे. जवळा बाजारला आठवडी बाजाराच्या रस्त्यावर त्यांची दोन खणांची प्रयोगशाळा होती. पुढच्या खणात बाकडं आणि रक्त घ्यायची खुर्ची. मागच्या खणात सूक्ष्मदर्शक, आवाज करणारा फ्रीज आणि त्यांची स्वतःची खाट. लोक तोंडावर 'रगतवाले साहेब' म्हणत. पाठीमागे काय म्हणत तेही मला माहीत आहे. ते मी छापणार नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मारामारी करताना. परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याच्या आसपासचे दिवस. मी कॉलेजात होते आणि आमच्या गटाची भूतबाधा-करणीविरुद्धची पत्रकं बाजारात वाटत होते. तिथं दर बाजारी एक सुईवाला डॉक्टर मोटारसायकलवर यायचा. काचेची एक सिरिंज, एक सुई, आणि एका बाटलीत गुलाबी औषध. ताप असो, कंबर असो, अशक्तपणा असो, तीच सुई. दोन माणसांच्या मध्ये ती धोतराच्या सोग्याला पुसायची, की झालं.

खिल्लारे समोरून आले आणि त्यांनी त्याच्या हातातली सिरिंज हिसकावून दगडावर आपटली. डॉक्टरनं त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फुटला. खिल्लाऱ्यांनी त्याची गचांडी धरली, खाली पडलेली सुई उचलली आणि त्याच्या मानेला लावली.

"सकाळपासून किती ढुंगणं टोचली रं हिनं? तुला टोचू? टोचतोच. मग उद्या डोळे पिवळे झाले की ये माझ्याकडं."

डॉक्टर चपला तिथंच टाकून पळाला. गर्दी कुणावर चिडली म्हणता? खिल्लाऱ्यांवर. रांगेतली एक म्हातारी त्यांना शिव्या घालत होती, "मुडद्या, माझी सुई राहिली ना. पुढल्या बाजारापर्यंत कंबर तुझा बाप धरंल काय?"

खिल्लारे रक्त थुंकले आणि त्यांनी माझ्या हातातलं पत्रक घेऊन उभ्या उभ्या वाचलं.

"भूत कोणाला दिसलं का आजपातुर?"

"नाही. म्हणून तर..."

"सुई रोज दिसती. तिच्यावर काहून लिवत न्हाई, पत्रकबाई?"

तेव्हापासून मी पत्रकबाई. माझं नाव त्यांनी कधी घेतलं असेल तर मला आठवत नाही.

त्यांच्या रागाचं मूळ मला उशिरा कळलं. थोरला भाऊ प्रल्हाद हट्ट्याला शेतमजुरी करायचा. तिशीतला गडी. कधीकाळी अशीच बाजारातली सुई घेतल्यावर कावीळ झाली होती, बरी झाली, सगळे विसरले. पुढं दहा वर्षांनी पोट फुगायला लागलं. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. आत दगड झाला होता. डॉक्टर म्हणाले, यकृताचा कर्करोग. बापानं विचारलं, यकृत म्हणजे काय? खिल्लारे तेव्हा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. ते म्हणाले, "काळीज. दादाच्या काळजाला झालंय."

आता आमच्याकडं काळीज म्हणजे जिथं माया राहते, जिथं भीती राहते ते. बापाला वाटलं, पोरगं कशानं तरी झुरून राहिलंय. मग घरानं काय केलं, तर त्याला खूश ठेवायला सुरुवात केली. सुनेला माहेराहून बोलावून घेतलं. भाऊबंदांतली जुनी भांडणं मिटवली. शेजारचा एक पेटीवाला रोज येऊन गाणी म्हणायचा. मरणाच्या वेदनेत तळमळणाऱ्या माणसाला बाप विचारायचा, "बाबा, कोण काय बोललं तुला? सांग, मी त्याचं तोंड फोडतो." प्रल्हाद दोन महिन्यांत गेला. बाप शेवटपर्यंत त्या बोलणाऱ्या माणसाला शोधत राहिला.

तेव्हापासून खिल्लाऱ्यांनी यकृतही सोडलं आणि काळीजही. ते म्हणायचे, कलेजी. समोरच्याच्या उजव्या बरगडीखाली दोन बोटं खुपसायचे, दुखेपर्यंत. "हितं. कलेजी. मटनात घेता ती. ही सडून राहिली तरी आवाज करत न्हाई. पोट फुगल्यावर कळलं तर माझ्याकडं येऊ नका, तिरडीचे बांबू आणाया जा."

मऊ बोलणं त्यांना जमायचंच नाही. आम्ही प्रबोधनवाले, लोकांना समजावून सांगायचं, हात जोडायचे. त्यांना ते नाटक वाटायचं. एकदा साखऱ्याजवळच्या एका वस्तीवर आम्ही बरोबर गेलो. तिथं कावीळ झालेल्या लेकराच्या पोटाला डाग देत होते. विळ्याचं टोक चुलीत लाल केलेलं, आई लेकराचे पाय धरून बसलेली, लेकरू ओरडून ओरडून बसलेल्या आवाजात नुसतं खरखरत होतं. मी भाषण सुरू केलं. खिल्लाऱ्यांनी मला बाजूला सारलं आणि स्वतःचा डावा हात पुढं केला.

"ह्याच्यावर ठेव आधी. बघू काय निघतं."

डाग देणारा म्हातारा हट्टी होता. त्यानं ठेवला. कातडं चुरचुरलं, वास सुटला. खिल्लाऱ्यांनी हात काढला नाही, पण त्यांच्या कपाळाची शीर तटतटलेली मी पाहिली. मग तो हात त्यांनी आईच्या डोळ्यांसमोर धरला.

"कातडं जळालं. दिसलं? कलेजी बरगडीखाली हाय. तिला पत्ताबी न्हाई तू लेकरू भाजलं म्हणून."

त्याच हातानं लेकराचा दंड धरून त्यांनी रक्त काढलं. जाता जाता लेकराच्या बापाला एक थोबाडीतही दिली. मी म्हणाले, हे बरोबर नाही. ते म्हणाले, "बराबर न्हाईच. पण लेकरू उद्या दवाखान्यात येतं का न्हाई बघ." आलं.

पाच-सहा वर्षं त्यांनी एकच काम केलं. काविळीच्या एका प्रकारात माणूस बरा दिसतो, पण विषाणू रक्तात मुक्कामाला राहतो. अशांपैकी काहींच्या कलेजीत वर्षांनंतर गाठ धरते. अशी चाळीस माणसं त्यांनी आसपासच्या गावांतून हुडकून काढली. एकच धोशा, एक तरी येळेवर घावला पायजे. गाठ सुपारीएवढी असताना. प्रल्हादच्या पोटात घावली तशी नको.

आणि मग हैदराबादच्या एका संशोधन संस्थेतली माणसं आली. ते लोक सोन्याचे कण वापरून रक्तातून हा रोग लवकर हुडकायचा प्रयोग करत होते. त्यांच्यातल्या एक बाई तासभर इंग्रजी मिसळून बोलल्या. खिल्लाऱ्यांनी ते बाकड्यावर बसलेल्या माणसांना असं सांगितलं: "सोनं इतकं बारीक केलंय की डोळ्याला कण दिसत न्हाई. इतकं बारीक केल्यावर ते पिवळं राहत न्हाई, लाल होतं, कुंकवाच्या पाण्यावानी. कलेजी बिघडाया लागली की रगतात एक वस्तू सोडती. त्या वस्तूला धरायचा आकडा ह्या कणांना लावलाय. वस्तू असली की कण तिच्याभवती गोळा व्हतात अन् लाल पाणी निळं पडतं. एवढंच. चार थेंबाचं काम."

चाळीसांमध्ये ज्ञानोबा होता, कापूस बाजारातल्या हमालांचा मुकादम, आणि त्याची बायको कासाबाई. ज्ञानोबा बसल्या बसल्या म्हणाला, "साहेब, मग निळं पडल्यावर ते सोनं माघारी देता का?" सगळे हसले. खिल्लारेही हसले. त्या हसण्यात काय होतं ते आम्हाला कुणालाच कळलं नाही.

ठरलं असं की रक्त हैदराबादला जायचं ते नुसत्या नंबरावर. नावं फक्त खिल्लाऱ्यांच्या वहीत. त्यांनी आणखी एक केलं. ज्या क्रमानं माणसं बसली त्या क्रमानं नंबर न देता ते पिसून दिले. घरात असला रोग आहे एवढी बातमी फुटली तरी त्या घरातल्या पोरीचं लग्न मोडतं. आमच्या भागात ही गोष्ट सांगावी लागत नाही. त्यांनी माणसांची अब्रू नंबराखाली झाकली. पहिलं रक्त गेलं.

आता माझं. लोकांनी दुसऱ्या खेपेलाही यावं म्हणून पत्रक मी लिहिलं. मथळा ठळक टाइपात दोनच शब्दांचा होता: 'रक्तात सोनं'. खाली बारीक टाइपात सगळं शास्त्र. छापायच्या आधी खिल्लाऱ्यांना दाखवलं.

"सोनं हा शब्द काढा."

"मथळा पकडणारा नसेल तर खालचं कोण वाचतं, सर?"

"पत्रकबाई, बाकड्यावरच्या माणसाला मी समोर बसून सांगतो. कागद समोर बसत न्हाई. काढा."

मी काढला नाही. तो मथळा मला फार आवडला होता. हे मी इथं साध्या शब्दांत लिहिते, कारण दुसऱ्यांच्या चुका मी आयुष्यभर ठळक टाइपात छापत आले आहे.

बाजारात ते पत्रक कुणीतरी मोठ्यानं वाचलं. खालचं वाचलं नाही. दोन शब्द गावोगाव गेले आणि जाता जाता त्यांचा अर्थ फिरला. रक्तात सोनं असतं. ज्याच्यात जास्त, त्याचे डोळे पिवळे. म्हणून हा माणूस नेमका काविळीवाल्यांनाच हुडकतो. म्हणून एकदा नेऊन भागत नाही, परत मागतो. सगळं जुळत होतं. इतकं नीट जुळणारं मला आयुष्यात एकदाही लिहिता आलेलं नाही.

दुसरी खेप बाजाराच्या दिवशी होती. बारा-तेरा जणांचं रक्त झालं आणि उपाशीपोटी उन्हात चालत आलेला एक म्हातारा खुर्चीतच बेशुद्ध पडला. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "काढलं ह्याचं सोनं."

मी समोर पानपट्टीशी होते. पहिला दगड फ्रीजला लागला. मग रस्ताच आत घुसला. ज्ञानोबा कापूस तोलायच्या काट्याची लोखंडी दांडी घेऊन आला होता.

"आमच्या अंगातलं सोनं हैदराबादला इकून राहिले, व्हय? मला माघारी देतो म्हणले न्हाईत त्या दिवशी. हसले निस्ते."

खिल्लारे नळ्यांच्या स्टँडसमोर दोन्ही हात पसरून उभे होते. "इकायचं असतं तर आधी तुझं इकलं असतं, ज्ञानोबा. ढेरीभर हाय."

दांडी उजव्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी रस्त्यावर ऐकला. मग त्यांची जात काढली गेली. आपल्याकडे ती दुसऱ्या फटक्याला निघतेच. खाली पाडून बरगड्यांत लाथा घातल्या. नळ्या पायाखाली फुटत होत्या आणि फरशी एवढी घसरडी झाली होती की मारणारेच एकमेकांवर पडत होते. मी मध्ये शिरले तेव्हा कुणीतरी माझी वेणी धरून मला गटारीत ढकललं. सूक्ष्मदर्शक रस्त्यावर आला. वहीही आली. ती पेटवली. पेटवायला कागद हवा होता, तर माझ्याच पत्रकांचा गठ्ठा घेतला.

दवाखान्यात मी त्यांना म्हणाले, अॅट्रॉसिटी लावायची. आजच. साक्षीदार मी आहे. त्यांनी मान हलवून नकार दिला. मी चिडले. म्हणाले, तुम्ही घाबरलात, तुम्ही समाजाशी गद्दारी करताय. बोलून गेले.

त्याच आठवड्यात हैदराबादहून फोन आला होता. पहिल्या खेपेतलं सतरा नंबरचं पाणी निळं पडलं होतं. तीनदा करून बघितलं, तीनदा निळं. पक्कं करायला सोनोग्राफी आणि पुढच्या तपासण्या लागतील, पण माणूस ताबडतोब पाठवा. गाठ असलीच तर अजून लहान असेल.

माणूस कोणता? वही जळाली होती. नंबर त्यांनीच पिसले होते.

"आज केस टाकली तर चाळीसचे चाळीस, मारणारे अन् न मारणारे, गाव सोडून पळतील," ते छताकडे बघत म्हणाले. "कोणाचा हात धरू मग? सतरा नंबर घावू दे. मग टाकतो. मी इसरत न्हाई, पत्रकबाई."

मी माफी मागायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "माफी ऱ्हाऊ द्या. हात द्या."

उजवा हात प्लास्टरमध्ये होता. त्यांना डाव्या हातानं रक्त काढायला शिकायचं होतं, आणि ते माझ्या हातावर शिकले. आठवडाभर. पहिल्या दिवशी सहा वेळा चुकले. माझे दोन्ही कोपर काळेनिळे झाले. मी एकदाही हुं केलं नाही, आणि त्यांनीही एकदाही दुखतं का विचारलं नाही. आमच्यात माफीबद्दल जे काही बोलणं झालं ते एवढंच.

मग ते दारोदार निघाले. ज्यांनी लाथा घातल्या त्यांच्या दारात, गळ्यात अडकवलेला हात घेऊन. मी बर्फाचा डबा धरून मागे. काही दारं बंद झाली, एका घरानं कुत्रं सोडलं. खिल्लारे दाराशी बसून राहायचे आणि एकच वाक्य बोलायचे, "चाळीसांतल्या एकाला झालंय, अजून वाचतो, तो तू आसशील." हे वाक्य तासाभरात माणसाला उंबऱ्याबाहेर आणायचं. कुणी मान खाली घालून हात पुढं केला, कुणी शिव्या देत केला. शिव्यांचं त्यांना काही नव्हतं. रक्त पाच-सहा नळ्यांनी हैदराबादला जात होतं आणि फोन येत होते. लाल. लाल. सगळे लाल.

अडतीस झाले. राहिली दोन, ज्ञानोबा आणि कासाबाई.

कापूस बाजाराच्या मागं त्यांचं पत्र्याचं घर. भर दुपार. ज्ञानोबा बाजेवर बसला होता. त्याला सगळं कळलेलं होतं, गावाला कळलेलं होतं.

"माझं घ्यायचं न्हाई," तो आधीच म्हणाला. "मला झालं आसंल तर होऊ द्या. मरीन. तुमच्या उपकारानं जगत न्हाई मी."

"मर की," खिल्लारे म्हणाले. "तुला कोण धरून राहिलं? पण दोघं राहिलेत, ज्ञानोबा. तू न्हाईस तर कासाबाई हाय."

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके दिवस तो एकटाच मरायला तयार होऊन बसला होता. तो उठला, आत गेला आणि तीच दांडी आणून आमच्या पायांशी आदळली. शर्टाची बाही फाडल्यासारखी वर ओढली.

"माझा हात मोडा आधी. हिसाब बराबर होऊ द्या. मग घ्या दोघांचं."

खरं सांगते, मला वाटलं, मोडावा. मनापासून वाटलं.

"मोडल्या हाताची शीर घावत न्हाई," खिल्लारे म्हणाले. "सरळ धर."

कासाबाई पदराला हात पुसत बाहेर आली आणि नवऱ्याला ढकलून समोर बसली. "माझं आधी घ्या दादा. सोनं निघालं तर ह्यांच्या गळ्यात घाला. लई हौस हाय."

तिचं पहिल्या टोचणीला आलं. ज्ञानोबाच्या हातावर खिल्लारे तीनदा चुकले. रक्त मनगटावरून बाजेवर ठिबकत होतं. मुद्दाम चुकले का? मला माहीत नाही. ज्ञानोबानं हात हलवला नाही.

डबा बंद करून ते उठले. "हे बसमधी टाकतो अन् तसाच चौकीवर जातो. केसमधी तुझं नाव पैलं हाय."

"व्हय," ज्ञानोबा म्हणाला. "लिवा."

"माझं बी लिवा," कासाबाई म्हणाली. "फ्रीजला दगड मी मारला व्हता."

"तुझं लिवलंय," खिल्लारे म्हणाले.

फिर्यादीत दुसरं नाव तिचं होतं. पंधरा दिवसांनी हैदराबादहून फोन आला, तेव्हाही नाव तिचंच निघालं. गाठ लहान होती, एकच होती. कापून काढली. कलेजी अशी जागा आहे की कापलेली परत भरते, हे खिल्लारे ज्ञानोबाला फोनवर ओरडून सांगत होते, त्याला शिव्या देत.

खिल्लाऱ्यांचा हात नीट जुळला नाही. प्रयोगशाळा त्यांनी बंद केली आणि ते परभणीला दिलेल्या लेकीकडे राहायला गेले. मी नांदेडला कामाला लागले. नंतर एकदाच दिसले, कोर्टाच्या व्हरांड्यात. केसची तारीख होती आणि मी साक्षीला गेले होते. व्हरांड्याच्या बाकावर कासाबाई बसली होती, अंगात त्राण कमी, पण डोळे पांढरेस्वच्छ. तिच्या शेजारी ज्ञानोबा तिच्या दंडाला रबरी पट्टी आवळून धरून उभा. समोर उकिडवे बसलेले खिल्लारे. सहा महिन्यांची तपासणी त्याच दिवशी यायची होती, आणि तारखेला आरोपी हमखास सापडतात, म्हणून फिर्यादी डबा घेऊन आला होता. दोन्ही बाजूंचे वकील खांबाशी उभे राहून बघत होते.

सुई आत गेली आणि दारातून शिपायानं पुकारा केला, कासाबाई ज्ञानोबा, हजर हो. ती उठायला लागली. खिल्लाऱ्यांनी मान वर न करता तिचा हात दाबून धरला.

"बस खाली. कोर्टाला म्हणावं थांब. सुई आत हाय."